शजरा आणि दप्तर : घराण्याची कथा कशी वाचावी

दक्खिनेतील बऱ्याच मुस्लिम घराण्यांत शजरा जपून ठेवलेला असतो. कुठे तो कापडावर चिकटवलेल्या कागदाची गुंडाळी असतो, कुठे वहीत उतरवून घेतलेला, तर कुठे आजोबांच्या तोंडून ऐकून नातवाने रेखाटलेले झाड एवढेच त्याचे स्वरूप असते. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या शजऱ्यांच्या आधारे घराण्याच्या इतिहासाच्या छोट्या पुस्तिका निघू लागल्या आहेत. हैदराबाद, कलबुर्गी, विजापूर, बेळगाव या भागांत त्या प्रामुख्याने उर्दूत असतात. अलीकडे मराठीत आणि कन्नडातही लिहिल्या जातात, कारण नव्या पिढीचे उर्दू वाचन कमी झाले आहे. लग्नकार्यात किंवा उरुसाच्या वेळी त्या वाटल्या जातात. दुकानात त्या मिळत नाहीत, ग्रंथालयात जात नाहीत, म्हणून त्यांची समीक्षाही कोणी करीत नाही.

ती व्हायला हवी. या पुस्तिका एक तर शब्दशः इतिहास म्हणून वाचल्या जातात, नाही तर शिकलेली मंडळी त्या भाकडकथा म्हणून बाजूला टाकतात. दोन्ही प्रकारांत मजकूर नीट वाचलाच जात नाही. प्रस्तुत लेखात नसबनामा हा एक वाङ्मयप्रकार आहे, त्याचे काही ठरलेले संकेत आहेत आणि ते ओळखल्यावाचून त्यातील खरे-खोटे निवडता येत नाही, एवढे दाखवण्याचा प्रयत्न आहे.

संकेत कोणते? मूळ पुरुष बाहेरून येतो : मदिना, बगदाद, बुखारा किंवा इराण. त्याचे गाव सांगितले जाते, पण तो कोणत्या वाटेने आला हे क्वचितच सांगितले जाते. त्याच्यावर एखाद्या बादशहाची नजर पडते. आपल्याकडे तो बहुधा आदिलशहा किंवा औरंगजेब असतो. तो एखादी कामगिरी करतो किंवा करामत दाखवतो आणि त्याला इनाम मिळते. त्या इनामाची सनद घरात होती, पण ती आगीत जळाली, पुरात गेली किंवा साहेबाने पाहायला म्हणून नेली ती परत दिली नाही. त्यानंतर एकदम पणजोबा येतात.

जळालेल्या सनदेबद्दल हसण्याची घाई करू नये. देशमुख-पाटलांच्या करीन्यांतही 'धामधुमीत कागद गेले' हे वाक्य पुन्हा पुन्हा भेटते आणि पुष्कळदा ते खरेही असते. कागद गेले म्हणूनच गोतसभा बसे, साक्षी होत आणि नवा महजर तयार होई. तेव्हा सनद जळाली हे कळल्यावर पुढचा प्रश्न असा की, ती जळाल्यानंतर घराण्याने दुसरा कागद मिळवला का? इनाम चालू राहिले असेल तर तो मिळवलेलाच असणार.

हा सगळा साचा आमच्या घराण्यांनी निर्माण केलेला नाही. तो राजघराण्यांच्या तवारीखांतून खाली उतरला आहे. मुहंमद कासिम फरिश्ता आधी अहमदनगरला होता. १५८९ मध्ये तो विजापूरला आला आणि दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या आश्रयाने त्याने 'गुलशन-ए-इब्राहिमी' हा ग्रंथ लिहिला. त्यात आदिलशाहीचा संस्थापक युसुफ याची जी जन्मकथा आहे, ती नसबनाम्याचा उत्तम नमुना म्हणून वाचण्यासारखी आहे. युसुफ हा उस्मानी सुलतान दुसरा मुराद याचा मुलगा. १४५१ मध्ये मुराद वारला, मेहमेद गादीवर बसला आणि भावांना मारण्याचा हुकूम निघाला. आईने दुसरे मूल पुढे केले आणि युसुफला एका व्यापाऱ्याच्या हवाली करून इराणातील सावा या गावी पाठवले. पुढे तो हिंदुस्थानात आला आणि गुलाम म्हणून बीदरच्या दरबारात पोचला.

कथा सुरेख आहे. मुलांची अदलाबदल, आईचे धैर्य, राजपुत्राचे गुलाम होणे आणि पुन्हा राजपद मिळवणे : लोककथेला लागणारे सर्व काही तिच्यात आहे. पुराव्याचा विचार केला तर मेहमेदने राज्यारोहणाच्या वेळी मारवलेला भाऊ म्हणून उस्मानी साधनांत तान्ह्या अहमदचे नाव येते. वाचवलेल्या युसुफचा तेथे पत्ता नाही. विजापूरच्याच आश्रयाने लिहिणारा फरिश्त्याचा समकालीन रफीउद्दीन शिराजी 'तज्किरतुल मुलूक'मध्ये युसुफचा संबंध सावा येथील तुर्कमान घराण्याशी जोडतो. म्हणजे एकाच राजधानीत, एकाच पिढीत, एकाच राजघराण्याच्या दोन जन्मकथा चालू होत्या.

या दोहोंत समान काय उरते? सावा हे गाव. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवे घेतले तेव्हा ते तेथल्या मुस्लिम अधिपतीला 'सबायो' म्हणत. हा शब्द 'सवाई', म्हणजे सावाचा राहणारा, या निस्बतीवरून आला असे मानले जाते. पोर्तुगीजांना आदिलशाहीचा वंश उंच दाखवण्याची काही गरज नव्हती. नावाला चिकटलेले गाव टिकले आणि त्याच्यावर पुढे शंभर वर्षांत सुलतानाच्या महालाची कथा उभी राहिली. आपल्या घराण्यांच्या बाबतीतही हाच क्रम दिसतो. निस्बत जुनी असते. तिचे स्पष्टीकरण नवे असते.

आता याच फरिश्त्याने शेजारच्या अहमदनगरच्या घराण्याविषयी काय लिहिले ते पाहा. निजामशाहीचा मूळ पुरुष मलिक हसन हा पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्याचा मुलगा. तो लहानपणी बहमनी फौजेच्या हाती लागला आणि मुसलमान झाला, असे तो सांगतो. उलट खुद्द अहमदनगरच्या दरबारात बसून 'बुर्हान-ए-मआसिर' लिहिणारा सय्यद अली तबातबाई हे मान्य करीत नाही. त्याच्या मते मलिक हसनचा मुलगा म्हणून वाढलेला अहमद हा खरे तर बहमनी सुलतानाचा मुलगा होता. दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होते. ज्याची चाकरी त्याला राजवंश, आणि शेजाऱ्याला कुलकर्णी! फरिश्ता मोठा इतिहासकार होता हे मान्य करूनही एवढे म्हणावेच लागते.

म्हणून पाथरीची कथा खोटी ठरते का? मला तसे वाटत नाही. फरिश्ता सांगतो की, बुऱ्हाण निजामशहाने वऱ्हाडच्या इमादशहाकडे पाथरी मागितली, बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला, आणि ती मिळाली नाही तेव्हा १५१८ च्या सुमारास ती जबरदस्तीने घेतली. कारण ते त्याच्या पूर्वजांचे गाव होते आणि तेथे त्याचे नातलग होते. येथे घटना आणि तिचे कारण या दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. पाथरी हातची गेली ही घटना राज्याच्या सीमेत दिसते. कारण मात्र कथेत आहे. तरीही ही कथा उस्मानी कथेपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते. तिने सांगणाऱ्याची किंवा ज्याच्याविषयी सांगितली त्याची प्रतिष्ठा वाढत नाही एवढे एकच कारण नाही (शत्रूची प्रतिष्ठा कमी करणे हाही हेतू असू शकतो). ती जवळच्या, ओळखीच्या, जाऊन विचारता येईल अशा गावाचे नाव घेते. इस्तंबूलला जाऊन कोण विचारणार होते?

आमच्या पुस्तिकांत पाथरी जवळजवळ कधीच येत नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे. प्रत्येक घराणे बगदादहून येते. दक्खिनेत सात शतके नांदलेल्या समाजात एकाही घराचा मूळ पुरुष इथला विणकर, इथला पिंजारी, इथला कुणबी नव्हता हे शक्य नाही, आणि लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही. कुराण शरीफमध्ये कुळे आणि जमाती परस्परांची ओळख पटावी म्हणून आहेत असे सांगितले आहे, श्रेष्ठत्वासाठी नव्हे. दत्तक मुलांनासुद्धा त्यांच्या खऱ्या पित्याच्या नावानेच हाक मारावी असा आदेश आहे. खोटा नसब जोडणे ही आमच्या परंपरेत साधी फुशारकी मानलेली नाही. तो गुन्हा मानला आहे. तरीही आम्ही ते करतो.

तपासणीची साधने बाहेरून आणण्याची गरज नाही. हदीसचे विद्वान इस्नादची जी पारख करीत, तीच शजऱ्याला लावता येते. एका रावीने दुसऱ्याकडून ऐकले असे म्हटले असेल तर दोघांचा काळ जुळतो का, ते एका गावी होते का, हे 'अस्माउर्रिजाल'च्या शास्त्रात पाहिले जाते. साखळी तुटलेली असेल तर ती रिवायत 'मुन्कता' ठरते. शजरा हीदेखील साखळीच आहे. इब्न खल्दून (मृत्यू १४०६) याने आपल्या 'मुकद्दमा'मध्ये नसब ही मुख्यतः मानण्याची गोष्ट आहे, तिचा उपयोग आपसांतील बंध टिकवण्यापुरता आहे, असे म्हटले आहे. वंशावळीतील पूर्वजांची संख्या पडताळण्याचा एक साधा हिशेबही त्याने दिला आहे : शंभर वर्षांना तीन पिढ्या. माझ्या पाहण्यातील एका पुस्तिकेत आजच्या वडीलधाऱ्यांपासून थेट हजरत अली (रजि.) यांच्यापर्यंत एकवीस नावे आहेत. एकवीस नावांत सात शतके बसतात. लागतात जवळजवळ चौदा. सहाशे-सातशे वर्षे कुठे गेली?

ती बहुधा मधून गेलेली असतात. मौखिक परंपरेचे अभ्यासक यान वान्सिना यांनी आफ्रिकेतील समाजांच्या आधारे दाखवले आहे की, लोकांना अगदी अलीकडचे आणि अगदी आरंभीचे पुष्कळ सांगता येते. मधला काळ मात्र आक्रसतो, आणि पिढ्या पुढे सरकतात तशी ही पोकळीही पुढे सरकते. आपल्याकडे तिला आणखी एक कारण आहे. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल असल्याने 'अब्दुल कादर, त्यांचे इस्माईल, त्यांचे अब्दुल कादर, त्यांचे इस्माईल' अशी साखळी नक्कल करताना सहज चार नावांची दोन होते. येथे कोणी लबाडी केलेली नसते.

तारखांचे घोटाळे याहून जास्त आहेत. मराठी दप्तरातील कागदावर 'सीत समानीन मया व अलफ' अशी अक्षरी साल असते. अरबी अंक येणाऱ्याला ते ११८६ आहेत हे चटकन कळते (येथे मोडीच्या विद्यार्थ्यापेक्षा मदरशाचा विद्यार्थी पुढे असतो), आणि तिथेच तो फसतो. तो ही साल हिजरी समजतो आणि १७७२-७३ लिहून मोकळा होतो. कोणी तिला दक्खिनी फसली समजला तर १७७६-७७ येते. वस्तुतः ही शुहूर सन असते. तिच्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, म्हणजे १७८५-८६. तेरा वर्षांचा फरक किरकोळ वाटेल. पण ज्याने सनद दिली म्हणून सांगितले तो अंमलदार १७७२ मध्ये होता की १७८५ मध्ये, यावर सगळी कथा उभी किंवा आडवी होते. ग. ह. खरे यांनी 'ऐतिहासिक फार्सी साहित्य'च्या खंडांत फारसी कागद मराठी तर्जुम्यासह छापून ठेवले आहेत. पुस्तिका लिहिणाऱ्याने त्यांतला एखादा खंड जरी नीट पाहिला तरी असे पुष्कळ घोटाळे टळतील.

यावरून दप्तर खरे आणि शजरा खोटा, असा निकाल कोणी काढू नये. दप्तरही कोणीतरी कशासाठी तरी तयार केलेले असते. मुंबई इलाख्यात १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि प्रत्येक इनामदाराला आपला हक्क शाबीत करावा लागला. त्या वेळी दाखल झालेल्या कैफियती आणि वंशावळी आज आपल्याला मिळणारे फार मोलाचे कागद आहेत. पण त्या वंशावळी जमीन वाचवण्यासाठी दिलेल्या होत्या. ज्या शाखेचा हक्क नव्हता ती शाखा त्यांत नाही. पुढे १८६३ च्या कायद्याने ठराविक आकार भरण्याचे कबूल केले की चौकशीशिवाय इनाम कायम होण्याची सोय झाली. ज्या घराण्यांनी ती स्वीकारली त्यांची कथा कधी तपासलीच गेली नाही; सरकारी कागद हाती आहे म्हणून ती सिद्ध झाली असे मात्र घराणे समजते. निजामाच्या राज्यातील इनाम चौकशीतून निघालेल्या मुंतखबांचेही असेच आहे. मुंतखबाबरोबरचा शजरा सरकारी शिक्क्याचा असतो, परंतु तो मआशीचा वारस ठरवण्यापुरता. ज्याला वाटा नाही त्याला त्या झाडावर फांदी नाही.

सीमाभागातील माणसाची आणखी एक अडचण आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, विजापूर, धारवाड हे जिल्हे मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. त्यांचे जुने दप्तर मात्र त्यांच्याबरोबर सगळे गेले नाही. पेशवे दप्तर आणि इनाम कमिशनचे कागद पुण्यास, कोल्हापूर दरबारचे कोल्हापुरास, तालुक्याचे तालुक्यात. कागद मोडीत, फारसीत, इंग्रजीत आणि कन्नडात. बेळगावच्या एखाद्या काझी किंवा मकानदार घराण्यातील तरुणाला घरी दक्खिनी, शाळेत उर्दू किंवा मराठी आणि कचेरीत कन्नड येत असते. पणजोबांच्या सहीचा कागद त्याला वाचता येत नाही. पुस्तिकाकार मूळ कागदाऐवजी काकांच्या आठवणीवर विसंबतो याचे हे मोठे कारण आहे आणि त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही.

दप्तराचा एक प्रकार मात्र मला नेहमी विलक्षण वाटत आला आहे. हैदराबादच्या पुराभिलेखागारात (पूर्वी आंध्र प्रदेशचे, २०१४ नंतर तेलंगणाचे) शाहजहान आणि औरंगजेब यांच्या काळातील मोगल फौजेचे 'अर्ज-ओ-चेहरा' कागद आहेत. स्वाराची हजेरी घेताना त्याचे नाव, बापाचे नाव, कौम, राहण्याचे ठिकाण आणि चेहऱ्याच्या खुणा लिहून घेत : रंग, कपाळ, भुवया, तीळ, जखमेचा वण. घोड्याचाही रंग आणि डाग. पगार घेताना माणूस किंवा घोडा बदलू नये एवढाच त्याचा हेतू. 'आमचे पूर्वज आलमगीर बादशहाबरोबर दक्खिनेत आले' असे सांगणारी शेकडो घराणी आहेत. त्यांपैकी बहुतेकांच्या कथेत पूर्वज सरदार असतो. या कागदांत जो भेटतो तो साधा स्वार आहे, गालावर वण असलेला, ज्याच्या बापाचे नाव पगारासाठी का होईना लिहिले गेले. कथेतला सरदार आणि कागदातला स्वार यांत मला स्वाराची ओढ अधिक वाटते. त्याला कोणी सजवलेला नाही.

आता वर्तमानातील गोष्ट. महाराष्ट्रात इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे पुरावे मागतात. कर्नाटकात पिंजार-नदाफ हे प्रवर्ग १ मध्ये आहेत. त्यामुळे गेल्या तीस वर्षांत आमच्या घरांतून दोन उलट दिशांचे शोध एकाच वेळी चालू आहेत. थोरले बंधू सय्यद किंवा शेख असल्याचा शजरा छापून घेतात. धाकट्यांचा मुलगा आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये 'पिंजारी', 'मुलाणी', 'तांबोळी' अशी नोंद शोधत तालुक्याला खेटे घालतो. पुस्तिकेत रजिस्टरचा उल्लेख नसतो आणि अर्जाबरोबर पुस्तिका जोडली जात नाही. एका घराचे हे दोन कागद परस्परांना कधी भेटत नाहीत. शाळेची नोंद करणाऱ्या गुरुजींना त्या घराचा वंश उंच की नीच याच्याशी कर्तव्य नव्हते. समोर आलेल्या बापाने जो धंदा सांगितला तो त्यांनी लिहिला. पुराव्याच्या दृष्टीने ती नोंद एकवीस नावांच्या झाडापेक्षा वजनदार आहे. पुस्तिकेच्या पुढील आवृत्तीत ती छापली जावी, असे मी एक-दोन संपादकांना सुचवून पाहिले. ते हसले.

शब्दांच्या बाबतीतही सावध राहावे लागते. 'आमच्या कागदात अमुक बिन तमुक आहे, म्हणजे आम्ही अरब' असा युक्तिवाद मी ऐकला आहे. पण मराठी दप्तरात विठोजी बिन रामजीही आहे. बापाचे नाव सांगण्याची ती सरकारी रीत होती. तिला धर्म नव्हता आणि देशही नव्हता. इनामदार, पाटील, देसाई, किल्लेदार ही आडनावेही तशीच : ती कामाची आहेत आणि हिंदू, लिंगायत, मुसलमान अशा सर्व घरांत सापडतात. आडनावावरून वतनाचा शोध घेता येतो, वंशाचा नाही.

राहिली स्त्रियांची गोष्ट. त्या एकवीस नावांच्या पुस्तिकेत एकही स्त्री नाही. नसबनाम्याचा संकेतच तसा आहे आणि फरिश्त्याच्या कथेतही मुलाला वाचवणारी आई बिननावाचीच भेटते. बाहेरून आलेल्या मूळ पुरुषाची बायको कोण होती, हा प्रश्न पुस्तिका विचारीत नाही, कारण उत्तर बहुधा इथल्याच कुठल्या तरी गावात सापडेल. दप्तर मात्र, स्वतःच्या गरजेपुरते का होईना, तिचे नाव लिहिते. मेहर आणि हिबाच्या कागदांत ती 'मुसम्मात' म्हणून येते, मराठी कागदांत 'अमीना कोम इब्राहीम' अशी नवऱ्याच्या नावासह येते. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदीची पद्धत आली, तेव्हापासूनच्या फेरफारांत वारस लावताना मयताच्या मृत्यूची नोंद आणि मागे राहिलेल्या मुलींची नावेही पुष्कळदा सापडतात. ज्या घराची ती पुस्तिका आहे, त्याच घराच्या जमिनीच्या फेरफारांत दोन ठिकाणी विधवेचे नाव खातेदार म्हणून लागलेले आहे. दुसऱ्या नोंदीत तिच्या तीन मुलींची नावे आहेत, आणि शजऱ्यात ज्याला निपुत्रिक म्हटले आहे तो या तिघींचा बाप आहे.